बांधावरचे कण

भिंगकाकांनी तिसऱ्यांदा नळीचा तुकडा ॲसिडात बुडवला, तेव्हा शेजारच्या टेबलावरची त्यांची सहकारीण हातातलं काम टाकून बघायला लागली. एकदा ठीक, दोनदा म्हणजे संशयी स्वभाव. पण तिसऱ्यांदा? आणि तेही काकांनी? एकतीस वर्षं हा माणूस धातूचे तुकडे आरशासारखे घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांच्या पोटातलं ओळखत आलेला.

धातू आतून दाण्यादाण्यांचा असतो, हे तिला काकांनीच शिकवलेलं. दाण्याला दाणा भिडतो तिथं बांध, आणि ॲसिड लागलं की तो उठून दिसतो. भानगड सगळी बांधावरच सुरू होते, शेजाऱ्यांसारखी, असं म्हणून स्वतःच हसायचे. स्टील चुकीचं तापलं की बांधांवर कण साचतात. सुटे असले तर चालतं. एका जरी दाण्याला पुरा वेढा पडला, तरी नळी नापास. ती पुढे बांधांवरूनच उकलते. आजची नळी बॉयलरला बसणार होती आणि तिच्याशेजारी रोज माणसं उभी राहणार होती.

काका सूक्ष्मदर्शकाची काच पुसत होते. आठवडाभर पुसतच होते. तिनं तुकडा उचलून पाहिला. ॲसिडानं खाऊन काळाठिक्कर झालेला. काच मात्र लख्ख होती. म्हणजे दोष काचेचा नव्हता, काकांच्या डोळ्यांचा होता.

साहेबांना कळलं तर काका उद्याच घरी, आणि काकू गेल्यापासून घरी होतं कोण? तिनं गुपचूप दुसरा तुकडा घासला, एकदाच ॲसिडात धरला आणि त्यांच्यापुढे ठेवला. काकांनी तो तिच्याकडे सरकवला.

"मला दिसत नाही गं. डॉक्टर म्हणतात, पडदाच गेलाय. तू बघ. आणि माझ्याकडे बघून नको, दिसेल तेच सांग."

काका ताडमाड उंच, त्यामुळे त्यांचं स्टूल ठेंगणं. तिनं त्यावर बसून मान ताणली. कण सुटे सुटे दिसले, तसं तिनं सांगितलं.

"एका जागी रेंगाळू नकोस. सरक."

ती सरकत गेली. काका डोळे मिटून बसले होते.

"काका, इथं एका दाण्याला पुरा वेढा आहे. कुठंच फट नाही."

"परत बघ."

तिनं परत बघितलं. वेढा होताच.

काकांनी मोठा श्वास सोडला. त्यांनी ही नळी पास केली असती, अंदाजानं. अहवालाचा कागद त्यांनी तिच्यापुढे ठेवला. ज्यानं पाहिलं त्यानंच सही करायची, म्हणाले. तिला रडू येत होतं, तरी तिनं सही केली.

मग ते साहेबांकडे जायला उठले. डोळ्यांचं आपण स्वतःच सांगणार, दुसऱ्या कुणी सांगायला नको. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. तिला उभं राहायला लावलं, वाकले, चाचपून स्टुलाचा गंजलेला स्क्रू शोधला आणि तिच्या उंचीला येईपर्यंत स्टूल फिरवून वर घेतलं.

"बस आता," म्हणाले. "मान दुखायची नाही."