पत्र्यावरची खोल समुद्रातली माणसं

मूठभर जाडं मीठ.

समुद्राच्या तळाशी ऊन नसतं. कधीच नसतं.

केसरीनाथच्या मिशीला राख.

पिवळी प्लास्टिकची टोपी, राक्षसाच्या डोक्याला बसेल एवढी.

शाळेच्या प्रयोगशाळेतली स्पिरिटची बाटली, आईच्या ओढणीत गुंडाळलेली.

आता हे सगळं ओळीत.

भिवंडीजवळच्या राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये अपूर्वा समुद्रातली यंत्रं दुरुस्त करायची. आजूबाजूच्या गोडाऊनमधून फ्रीज, चपला, बिस्किटं ट्रकमध्ये चढत. हिच्याकडे मात्र दोन-दोन किलोमीटर खोल पाण्यात बसून आलेले कॅमेरे. गॅस्केट बदल, बॅटरी बदल, मिठाच्या खपल्या खरवड, परत पाठव. यंत्रं समुद्र बघून यायची आणि ही त्यांची पुसापुशी करायची. तिला स्वतःला एकदा, फक्त एकदा, जहाजावर जायचं होतं. दर वर्षी अर्ज, दर वर्षी ‘पुढच्या वेळी बघू’.

त्या मंगळवारी कॅमेऱ्याचा सांगाडा थंड कंटेनरमधून थेट बंदरावरून आला. त्याला वर तरंगवणाऱ्या काचेच्या गोळ्यावर पिवळी टोपी असते, तिचे स्क्रू अपूर्वाने काढले आणि टोपी उचलली. आत, अंग चोरून, पांढरट गुलाबी कोळंब्या बसलेल्या. कोळंब्या म्हणजे, कोळंबीचे दूरचे भाऊबंद. तळहाताएवढे. पाठीला बाक, डोळे असून नसल्यासारखे. गाडी सुटली तरी गप्पा मारत बसलेल्या प्रवाशांसारखे ते टोपीतच अडकून वर आले होते.

“अगं बाई!” अपूर्वा म्हणाली, आणि फोटो पाठवला.

निवेदिता मॅडमचा फोन लगेच. मोहिमेच्या मुख्य शास्त्रज्ञ; जहाजावर कोण जाणार ते याच ठरवत.

“अपूर्वा, हे कधी कुणी पाहिलेत की नाही, मला माहीत नाही. टिकवायला स्पिरिट आहे?”

“आणते.”

“आण. हे शाबूत पोचले तर या फेरीला तू जहाजावर.”

अपूर्वाने घाईत चंद्रामावशीला हाक मारली. चंद्रामावशी राहनाळचीच, गोडाऊनची साफसफाई तिच्याकडे.

“मावशी, हे खराब होऊ देऊ नको हां. जिवापाड जप. मी आलेच.”

“जा तू. मी हाय ना.”

मेडिकलवाल्याने एवढं स्पिरिट द्यायला नकार दिला, म्हणून स्कूटर निजामपुऱ्याकडे. आई तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची. “जिवंत आईला भेटायला वेळ नाही, मेलेल्या कोळंबीसाठी धावत येतेस,” माधवीबाई म्हणाल्या, आणि बाटली ओढणीत बांधून दिली. येताना ट्रकांची रांग. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये अपूर्वा आणि स्पिरिट.

परतली तर टोपी रिकामी.

“मावशी!”

“वर हाय, पत्र्यावर. बघ, कशी झकास झाली.”

शिडीवरून डोकं वर काढलं तर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. पत्र्यावर स्वच्छ फडकं, फडक्यावर ओळीने मांडलेले, मिठात घोळलेले, कडकडीत वाळू लागलेले तळाचे रहिवासी. ज्यांच्या सात पिढ्यांनी ऊन पाहिलं नाही, ते भिवंडीचं ऊन खात पडले होते.

“हे काय केलंस?”

“खराब होऊ द्यायचं न्हाय बोललीस ना? मंग! मासली दुसरी कशी टिकवतात? आता वरीसभर कायपन होनार न्हाय. आमच्या सासूबाईंचा जवला बघ.”

अपूर्वाला रडू यावं की हसू, कळेना. तिने मोजायला सुरुवात केली आणि थांबली. ओळीत मध्येच जागा मोकळी.

खाली दारावर पहारा करणारा केसरीनाथ, चंद्रामावशीचा दीर, एकदम आभाळाकडे बघू लागला. मिशीला राख.

“भावोजी,” चंद्रामावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तोंड उघडा.”

“येकच! चुलीवर टाकला. वासच असा आला का…”

“हावरट मेला!” मग ती अपूर्वाच्या कानाशी आली. “मांजरानं न्हेला सांग. मी गवाही देते.”

अपूर्वाने फोन लावून स्पीकरवर ठेवला. मांजर जिभेच्या टोकावर आलं होतं. जहाजही तिथेच होतं.

“मॅडम, मावशीने मीठ लावून उन्हात वाळवले. पाय, मिशा जागेवर आहेत, पण अंग आकसलंय. आणि एक केसरीनाथने भाजून खाल्ला.”

चंद्रामावशीने कपाळावर हात मारून घेतला.

“चव कशी होती?” मॅडमनी विचारलं.

“काय?”

“त्यांना विचार ना!”

“खारट,” केसरीनाथ लांबूनच ओरडला. “आन तुपकट! बोटं चाटली तरी जात न्हवतं!”

“तुपकट!” मॅडम खिदळल्याच. “तेल साठवतात ते, खाली जेवण कधी मिळेल याचा भरवसा नाही ना. मिठातले चालतील मला. निम्मे तसेच ठेव, निम्मे आता स्पिरिटमध्ये टाक.”

“आणि खाल्लेला?”

“तो लिहून पाठव. अगं, आमच्याकडे नमुना हरवला की सगळे मांजराचं नाव घेतात. भर समुद्रात, जहाजावर!”

चंद्रामावशी पत्र्यावरून फडकं उचलत होती. “मांजराचं त्यांना कोनी सांगितलं गं?” तिने हळूच विचारलं.

त्या फेरीला जहाजावर पहिले तीन दिवस बोट लागून अपूर्वाच्या पोटात पेजेशिवाय काही टिकलं नाही.