मांडीखालचे हात

धाकटीचं घोडं सातव्यावर अडलं. ते रोज तिथेच अडायचं.

"सहावा, सरळ चिमटा," ताई यादीवर बोट ठेवून म्हणाली. "सातवं काय?"

धाकटी खुर्चीत ताठ बसली होती, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून. एकावन्न वर्षांची बाई, पण ताई प्रश्न विचारायला बसली की ती पुन्हा दहा वर्षांची व्हायची. ताई बारा वर्षांनी मोठी. जन्मभर शाळेत शिकवलं, आता रिटायर झाली होती, पण शिकवणं काही तिला रिटायर होऊ देत नव्हतं.

धाकटी इस्पितळात कामाला होती. ऑपरेशनची अवजारं धुऊन, वाफेवर तापवून ट्रेमध्ये लावतात, त्या खोलीत सहा वर्षं मदतनीस. ट्रे लावणं तिच्या डाव्या हातचा मळ होता. पण तिथे कायम व्हायचं तर मेट्रनसमोर तोंडी परीक्षा द्यावी लागे. मोठ्या ट्रेमधली चाळीस अवजारं, क्रमाने, समोर काहीही नसताना सांगायची. धाकटी दोनदा आपटली होती. उद्या तिसरी आणि शेवटची संधी. नाही जमलं तर पुन्हा धुलाईघरात, ओल्या चादरींचे गठ्ठे उचलायला. गठ्ठ्यांना ती भीत नव्हती. पण अवजारांच्या खोलीत तिला कधी कुणी मठ्ठ म्हटलं नव्हतं, आणि अशी जागा तिच्या आयुष्यात ती एकच होती.

घरच्यांनी प्रयत्नांत कसर ठेवली नव्हती. लेकीने फ्रिजवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. आठवड्याभरात धाकटीला रंग पाठ झाले, नावं नाहीत. नवऱ्याने यादी आपल्या आवाजात फोनवर भरून दिली. ती ऐकता ऐकता तिला गाढ झोप लागायची. नवऱ्याच्या आवाजाचा एवढा उपयोग लग्नानंतर पहिल्यांदाच झाला, असं ती लेकीला म्हणाली.

"जा, चहा टाक," ताई शेवटी वैतागून म्हणाली. "डोकं जरा मोकळं होऊ दे."

धाकटी सुटल्यासारखी स्वयंपाकघरात गेली. चहा उकळेपर्यंत तिने दुपारची भांडी पुसायला घेतली. बाहेर ताईला काही चैन पडेना.

"सातवं?" तिने बसल्या जागेवरून विचारलं.

"लांब वाकडी कात्री," आतून आवाज आला.

"आठवं?"

"छोटी वाकडी. मग चार क्लॅम्प, दोन सरळ, दोन वाकडे. मग रुंद पात्याचं, जखम उघडी धरायचं..."

ताई यादीवर खुणा करत गेली. पंचविसाव्यानंतर ती उठली आणि दारात येऊन उभी राहिली. ओट्यावर फडकं पसरलेलं होतं. त्यावर चमचे, सुऱ्या, सांडशी, डाव अशी सगळी फौज ओळीने मांडलेली होती, टोकं एका दिशेला. धाकटी एकेक वस्तू पुसत होती, ठेवत होती आणि नाव घेत होती. चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं.

चाळीस पुरी झाली तेव्हा ताईने गॅस बंद केला.

"चल, आता खुर्चीत बसून म्हण."

धाकटी बसली. हात आपोआप मांड्यांखाली गेले. सहावा, सरळ चिमटा. आणि पुढे पाटी कोरी.

ताई यादीकडे बघत नव्हती. "हात असे का ठेवलेस?" तिने विचारलं.

"तूच नाही का लावलीस सवय? चुळबूळ करते म्हणून. अभ्यासाला बसलं की हात खाली."

ताईने यादी घडी करून बाजूला ठेवली. तिचा चेहरा उतरला.

"मला बाबांनी लावली होती," ती म्हणाली. "मला जमत होतं गं. म्हणून वाटलं, सगळ्यांनाच जमतं. तुला नाही जमलं, तर तुला मठ्ठ म्हणून मोकळी झाले."

धाकटीला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. ती चहा गाळायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनच्या खोलीत नुसतं टेबल होतं, स्वच्छ आणि रिकामं. "करा सुरुवात," मेट्रन म्हणाली. धाकटी खुर्चीत बसली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हात निघालेच होते खाली. तिने ते अर्ध्यातून परत आणले, टेबलावर ठेवले. मग न दिसणारं पहिलं अवजार उचललं, पुसलं, आपल्या जागी ठेवलं.

"हे काय करताय?" मेट्रनने विचारलं.

"ट्रे लावतेय, मॅडम. असंच येतं मला."

मेट्रनने पेन उघडलं. धाकटी सातव्यावर थांबली नाही.

ती बाहेर आली तेव्हा ताई बाकावर बसली होती. तासाभरापूर्वी धाकटीने तिला तिथे सोडलं होतं तशीच, पाठ ताठ, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबलेले. शेजारून माणसं येत-जात होती, त्यांच्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

धाकटी तिच्याजवळ बसली. तिने ताईचा एक हात ओढून बाहेर काढला. तो घामेजला होता आणि त्यावर बाकाच्या फळ्यांचे वळ उठले होते.

"चाळीस?" ताईने विचारलं.

"चाळीस," धाकटी म्हणाली, आणि तो हात चोळत बसली.