थोरल्याचा कोट, धाकट्याचं माप

साल एकोणीसशे सदुसष्ट. विधानसभेच्या निवडणुकीचं. त्या वर्षी थंडी लांबली होती आणि दुकानात कोटांची एवढी कामं होती की अंगुस्तान घालूनही माझी बोटं सुईने सोलून निघाली होती.

दुकान दोघा भावांचं. थोरले माझे दीर, त्यांना मी दादा म्हणायची. कापड बेतायचे ते, मशीनवर बसायचे आमचे हे, आणि काज, अस्तर, बाह्या असलं हातशिलाईचं काम माझ्याकडे. दादांनी लग्न केलं नव्हतं. पुलापलीकडच्या गिरणी कामगारांची भांडणं सोडवता सोडवता ते राहूनच गेलं, असं सासूबाई म्हणायच्या. दोघे भाऊ बघायला अंगापिंडाने सारखे. दादांना दुकानात टिकून उभं राहायला सवड नसायची, म्हणून त्यांच्या कोटाच्या मापाला हे उभे राहायचे. टाचण्या यांना टोचायच्या आणि कोट दादा घालून जायचे. समोरचा घड्याळवाला त्यावरून चिडवायचा, "धाकटे, तुम्ही म्हणजे पगार नसलेला लाकडी पुतळा!" हे हसायचे. मला कधी हसू आलं नाही.

त्या वर्षी दादा निवडणुकीला उभे राहिले, गिरणीमालकाच्या विरोधात. प्रचाराचं सगळं घड्याळवाल्याने अंगावर घेतलं. सुरुवातीला मजा वाटली. घरात माणसांचा राबता, चहाचं आधण चुलीवरून उतरेना. मग एके दिवशी दुपारी गिरणीमालकाचा पैलवान दुकानात आला.

तो आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याचा लग्नाचा कोट आमच्याकडेच शिवलेला. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. खुंटीवर दादांचा नवा कोट अर्धवट शिवून टांगला होता. तो त्याने खाली काढला, पाठीवरून बोट फिरवलं आणि खांद्याखाली एका जागी थांबवलं.

"इथं अस्तर पातळ ठेवलंय, वहिनी."

मी हातातली सुई कापडात खोचून ठेवली.

"शेवटच्या सभेला पुलावरून येणार ना थोरले? येऊ द्या. कुठून आरपार जातं ते दाखवतो." कोट नीट घडी घालून त्याने टेबलावर ठेवला आणि गेला. ती घडी इतकी व्यवस्थित होती, की तिचीच मला जास्त भीती वाटली.

संध्याकाळी घरात सगळे जमले. सभा पुलापलीकडे, गिरणीपाशी. पूल टाळावा तर कामगार म्हणणार, हा घाबरला, याला कशाला मत द्यायचं? पूल ओलांडावा तर पैलवान. घड्याळवाला बराच वेळ नखं कुरतडत बसला होता. मग त्याने यांच्याकडे पाहिलं.

"धाकटे उभे राहतील जीपमध्ये. लांबून कोण ओळखतंय? दादा बंद गाडीतून रेल्वे फाटकाकडच्या रस्त्याने थेट सभेला."

सासूबाई म्हणाल्या, "अरे, तोही माझाच मुलगा आहे."

"काकू, ते नुसतं भेवडावतात. काही करत नाहीत."

"मग तू का नाही उभा राहत?" मी म्हटलं. त्या घरात मी पुरुषांच्या बोलण्यात पहिल्यांदाच तोंड घातलं होतं.

दादा जमिनीकडे बघत राहिले. हो म्हणाले नाहीत, आणि नाहीही म्हणाले नाहीत.

खोलीत आल्यावर मी यांना म्हटलं, "अहो, जाऊ नका."

"इतकी वर्षं त्याच्या कोटाला उभा राहिलो. आता जीपमध्ये उभा राहतो. फरक काय?"

"दुकानात टाचण्या टोचतात. तिथं सुरा असेल."

"त्याने मला कापड धरायला शिकवलं गं. नाही कसं म्हणू?" हे म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. झोप दोघांनाही नव्हती. यांची पाठ माझ्यासमोर होती आणि माझे डोळे पुन्हा पुन्हा खांद्याखालच्या त्याच जागेवर जात होते.

दुसऱ्या दिवशी कोट पुरा करायला माझ्याकडेच आला. उजवी बाही मी पक्की शिवली. डाव्या बाहीचा पक्का टाका घातला, मग उसवला आणि तिथे नुसता कच्चा धावदोरा टाकला. शिंप्याच्या घरातल्या बाईला एवढंच करता येण्यासारखं होतं.

मिरवणूक निघायच्या वेळी हे कोट घालून जीपमध्ये उभे राहिले. घड्याळवाला म्हणाला, "हात वर करा बघू, दादांसारखा." यांनी हात वर केला आणि बाही खांद्यापासून सुटून कोपरावर लोंबायला लागली. बघणारी पोरं खदाखदा हसली.

"अरे देवा! वहिनी, हे काय?"

"घाईत धावदोऱ्यावर राहिली. चालत्या गाडीत शिवते," मी म्हटलं, आणि कुणी अडवायच्या आत सुईदोरा घेऊन मागच्या बाकावर चढले.

"खाली उतर," हे दात आवळून म्हणाले.

"हलू नका, सुई टोचेल."

बोळाच्या तोंडाशी बंद गाडी उभी होती. तिच्या काचेआडून दादा आमच्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

जीप माणसांच्या चालीने निघाली. बाईने भर रस्त्यात उभं राहून नवऱ्याचा खांदा शिवायचा म्हणजे तमाशाच. पण मला तेच हवं होतं. गावात कुणाला माहीत नव्हतं की दादांना बायको नाही? मला शेजारी बघून हे धाकटे आहेत, हे पैलवानही ओळखणार होता. खड्ड्यांतून जीप एवढी हिंदकळत होती की चार टाके कोटात आणि एक यांच्या सदऱ्यात जात होता. पूल दिसला. वर, कठड्याला टेकून, पैलवान आणि त्याची माणसं उभी होती. मागची मिरवणूक हळूहळू विरळ झाली. घोषणा थांबल्या. घड्याळवाला कुठे गेला ते कळलंच नाही.

पैलवान जीपसमोर आला. हातात लोखंडी गज. त्याने आधी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सुईकडे.

"वहिनी? म्हणजे हा धाकटा!" तो हसला. मला वाटलं, सुटलो. पण लगेच त्याचं हसू मावळलं. "थोरला कुठाय?"

"मीच थोरला," हे म्हणाले.

"माझ्या मानेला माप लावलंयस तू. तुझे हात मी ओळखतो. सांग, कुठाय? नाहीतर तुलाच धरतो."

यांच्या पाठीचा घाम कोटातून माझ्या बोटांना लागत होता. मी त्याच जागेवर तळवा ठेवला, खांद्याखाली, जिथं अस्तर पातळ होतं. एका तळव्याने काय अडणार होतं? पण काढवेना.

"इकडं आहे मी," मागून आवाज आला.

दादा चालत येत होते. जुना कोट, डोक्यावर काही नाही, धाप लागलेली. बंद गाडीतून उतरून ते आमच्यामागे धावत आले होते. "त्यांना जाऊ दे. तुझं काम माझ्याकडे आहे."

गज उचलला गेला तेव्हा दादांनी उजवा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज मी अजून विसरले नाही. दुसरा घाव पडायच्या आत यांनी जीपमधून उडी मारून पैलवानाला मिठी घातली, आणि तेवढ्यात पलीकडून गिरणीतली माणसं धावत आली. एवढी माणसं हातघाईवर आलेली बघून पैलवानाची माणसं पांगली, मग तोही गेला.

सभा झाली. दादा हात गळ्यात अडकवून बोलले. तरी निवडणुकीत पडलेच. कामगारांनी भरभरून मतं दिली, बाकी गावाने दिली नाहीत.

हात वाकडा बसला. मोठी कात्री त्यांना पुन्हा धरता आली नाही. डाव्या हातात खडू घेऊन ते रेघा मारायचे आणि हे कापायचे. पुन्हा कधी ते उभे राहिले नाहीत, निवडणुकीला. मापाला मात्र राहिले. पुढच्या थंडीत आपणहून दुकानात आले आणि म्हणाले, "घे माझं माप." यांनी टेप लावली तर दादांचे खांदे बरेच रुंद निघाले.

"म्हणजे आजवरचे सगळे कोट तुला काचत होते?"

"काखेत."

"मग बोलला का नाहीस?"

"तू उभा राहायचास. मी कुठल्या तोंडाने बोलणार?"

सासूबाई त्यानंतर लवकरच गेल्या. घड्याळवाल्याने बरीच वर्षं आमच्या दुकानाकडे पाठ करून काम केलं. मग एकदा माझं बंद पडलेलं घड्याळ न मागता दुरुस्त करून दिलं, आणि बोलणं सुरू झालं. पैलवान गिरणी बंद पडल्यावर गाव सोडून गेला. त्याच्या मुलाचा लग्नाचा कोट शिवायला कुणी आमच्याकडे आलं नाही. दादा म्हातारे होऊन, झोपेत गेले. हे त्यांच्यामागून दोन वर्षांनी.

पुलावरचा तो कोट यांनी दादांना कधी दिलाच नाही. डाव्या खांद्यावरचे वेडेवाकडे टाके मी नीट करते म्हटलं की म्हणायचे, "हात लावू नकोस. माप माझं, टाके माझ्या बायकोचे. पहिल्यांदाच एक कोट माझा झालाय."