वाटाड्या महाराजांचा शंख

देवगाव रंगारीच्या फाट्यावर वाटाड्या महाराजांच्या मांडवापुढं जीपा, टेम्पो, टमटमींची रांग लागायची. संभाजीनगरला दोन रस्ते, एक घाटातून, एक लासूरवरून; तिकडं निघालेला माणूस हात जोडून विचारी, "महाराज, कुठून जाऊ?" महाराज शंख कानाला लावत, डोळे मिटत. "लासूरकडून जा, बाळा. घाटात ट्रक उलटलाय." आणि घाटात खरंच ट्रक उलटलेला असे! पोचायची वेळसुद्धा ते अचूक सांगत. लोक लोटांगणं घालत.

गावातल्या शाळेत विज्ञान शिकवणारी विशाखा त्या मांडवात कधी गेली नव्हती. पण त्या सकाळी तिचे वडील कडुबा न्याहारी करताना कोसळले. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. धाकट्या भावानं, संघपालनं, त्यांना जीपमध्ये घातलं आणि फाट्यावर ब्रेक मारला.

"थांबू नको, संघपाल! लासूरकडून चल. वेळेत सुई मिळाली तर बा वाचतील."

"म्हणूनच विचारतो ना, ताई. महाराज कधी चुकले नाय."

महाराजांनी शंख लावला. "दाही दिशांचा वारा आमच्या शंखात मुक्कामाला असतो. घाट मोकळा आहे. जा!"

घाट उतरल्यावर दौलताबादच्या जुन्या, अरुंद दरवाजात लांबलचक ट्रेलर आडवा अडकला होता. पुढं गाड्या, मागं गाड्या. ना पुढं जाता येईना, ना वळता येईना. विशाखाच्या मांडीवर कडुबा काहीतरी बोलू बघत होते आणि शब्द फुटत नव्हता. संघपाल हॉर्न वाजवून वाजवून रडायला लागला.

तेवढ्यात त्याचा फोन किणकिणला. रेंज नसतानाही पडद्यावर ओळ उमटली : 'शेजारच्या फोनला तुमचा प्रवास कळवला.'

"हे काय आहे?"

"प्रसाद, ॲप हाय. महाराजांच्या शिष्यांनी टाकून दिला फोनात. लई गाड्यावाल्यांकडं हाय."

विशाखाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "उशीर झाला." कडुबा वाचले, पण वाचा गेली ती गेलीच.

पुढच्या आठवड्यात विशाखानं ओळखीच्या गाडीवाल्यांकरवी शहरातून येणाऱ्या सगळ्यांना एक दिवस 'प्रसाद' बंद करून यायला सांगितलं. मांडव भरल्यावर ती पुढं झाली. "महाराज, आज कुठला रस्ता मोकळा?"

महाराजांनी शंख दाबून धरला. कपाळावर घाम आला. "वारा रुसलाय आज."

संघपालनं मागचा पडदा ओढला. आत एक शिष्य फोनच्या कोऱ्या पडद्याकडं बघत बसलेला, त्याच्या तोंडाशी माईक, आणि तिथून निघालेली वायर थेट महाराजांच्या शंखात.

"वारा नाही, तुमचेच फोन बोलतात," विशाखा लोकांना म्हणाली. "रस्त्यात दोन गाड्या जवळून गेल्या की फोन एकमेकांना सांगतात, कुठून आलो, किती वेळ लागला. समोरून येणारी गाडी ते इथं पोचवते. त्या दिवशी घाटातून एकही गाडी बाहेर पडली नाही. फोनच्या पडद्यावर पहाटेचीच शिळी माहिती होती. शिष्यानं तीच वाचली, महाराजांनी तीच सांगितली."

एक म्हातारा पुटपुटला, "पन आजवर खरं निघायचं की वं, बाई."

"निघायचंच, बाबा. ती युक्ती चांगलीच आहे. ती उघड्यावर ठेवली असती, माहिती केव्हाची आहे ते लिहिलं असतं, तर संघपालनंच त्या दिवशी गाडी लासूरकडं वळवली असती. शंखात लपवली, म्हणून ती केव्हाची ते आम्ही विचारलंच नाही." ती मांडवातल्या सगळ्यांकडं वळली. "कुणाच्याही पाया पडण्याआधी एवढंच विचारा, तुम्हाला हे कसं कळलं? आणि गाडीत आजारी माणूस असेल, तर इथं थांबू नका."