मागची सीट

चाकाच्या खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावून ती लेकाच्या जागी स्वतः बसली.

“चार हुक, कमरेचा पट्टा, छातीचा पट्टा. त्याला बांधता तसंच बांधा, दादा.”

ड्रायव्हर गुडघे टेकून व्हॅनच्या तळातले पट्टे ओढू लागला. रविवार असल्याने गाडी मोकळी होती आणि फार आर्जवं केल्यावर तो अर्ध्या तासासाठी आला होता. लेक घरी शेजारच्या काकूंजवळ होता. सव्वीस वर्षांचा. मान धरत नव्हता, बोलत नव्हता, आणि आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला न्यावं लागे. गेल्या पंधरवड्यात चालत्या गाडीत ओरडत ओरडत त्याने दोनदा पट्ट्यातून हात सोडवला आणि बाजूच्या दाराचा खटका ओढला. आत माणूस असताना तो खटका बंद करून ठेवायला नियमाने मनाई होती. उद्या पुन्हा तसं झालं तर गाडी बंद, असं डायलिसिस केंद्राने कळवलं होतं. चाकाची खुर्ची नेणारी दुसरी गाडी शहरात नव्हती. झोपेचं औषध द्यायला डॉक्टरांनी नकार दिला. त्याचा रक्तदाब सोसणार नाही म्हणाले. डायलिसिस बंद पडलं तर किती दिवस, असं तिने विचारलं, तेव्हा त्यांनी फाईल मिटली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

कुठला पट्टा सैल पडतो, हात कुठून निसटतो, ते तिला स्वतः बसून बघायचं होतं.

धाकटा दीर मागच्या घडीच्या सीटवर, तिच्या नेहमीच्या जागी बसला.

“वहिनी, डोकं धरू ना? केस विस्कटले तर माझ्यावर यायचं नाही.”

“धरा. आणि आता बोलू नका.”

हा तिचाच नियम होता. आवाजाने लेक बिथरतो असं तिच्या मनाने घेतलं होतं. चार वर्षं व्हॅनमध्ये कोणी चकार शब्द काढला नव्हता. ती स्वतःही देवाचं नाव मनातल्या मनात घ्यायची.

गाडी निघाली. समोर ड्रायव्हरच्या पाठीमागचा करडा पत्रा होता. काचा उंचावर, त्यांतून नुसतं आभाळ दिसत होतं. वळण कधी येणार ते कळायचं नाही. अंग एकदम कलायचं आणि पट्टा छातीत रुतायचा. मान वळवावी तर डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा. त्यांच्या वर दोन तळवे. ते दिराचे आहेत हे तिला ठाऊक होतं. एका खड्ड्याशी ते सुटले आणि परत लागले. कोणाचे लागले?

विचारावं, तर बोलायचं नव्हतं.

“थांबवा, थांबवा गाडी,” दीर मागून म्हणाला.

तिने खाली पाहिलं. तिचा हात खटक्यावर होता.

दीर वाकून पुढे आला. “काय झालं, वहिनी?”

“तुम्ही होतात मागे?”

“म्हणजे काय? डोकं धरून बसलो होतो की.”

तिने खटक्यावरचा हात काढून घेतला.

“मीही अशीच न बोलता धरून बसते,” ती म्हणाली.

मागची सीट खुर्चीच्या पुढे घेता येईल का, असं तिने ड्रायव्हरला विचारलं. त्याने गाडीच्या तळावर हात फिरवून पाहिला. तिथे बोल्टची सोय नव्हती, आणि नवी बसवायची तर परवानगीला चार-सहा महिने लागले असते. एवढं सांगून तो पट्टे सोडायला लागला.

सोमवारी गाडी हलली तशी ती बोलायला लागली. मी मागे आहे, बाळा. आता शाळा गेली. आता डावीकडे वळतोय, घट्ट बस. वळणावर तो ओरडलाच. ती थांबली नाही. दुकानं सांगून संपली, तेव्हा तिने घरातलं काढलं: दूध उतू गेलेलं, काकूंचं गुडघ्याचं दुखणं, धाकट्या काकाचं रोज मागे पडणारं घड्याळ. श्वास घ्यायला तो थांबायचा, आणि पुन्हा ओरडायला त्याला किंचित उशीर व्हायचा. नदीवरच्या पुलापाशी त्याचा हात पट्ट्यातून सुटला. दाराकडे गेला, अडखळला, मग खांद्यावरून मागे येऊन चाचपडू लागला. तिने आपलं मनगट त्या हाताला लागू दिलं.

केंद्राच्या दारात ड्रायव्हरने मागचं दार उघडलं.

“पोचलो, ताई.”

तिने मान हलवली. आवाज पार बसला होता. त्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली. ती दोन घोट प्यायली आणि उरलेलं परतीसाठी ठेवलं.