गप्प बसवलेले उखळ

मी एक जुने उखळ आहे आणि मित्रांनो, मी रागावलेले आहे. तोफेला तुम्ही ‘उखळी तोफ’ म्हणता ना? माझे नाव तिला देताना मला कोणी विचारले होते?

मी मोझांबिकचे. गोरोंगोझाच्या डोंगराखाली जोआकिनाच्या नवऱ्याने झाडाचे जाड खोड कोरून मला घडवले. जोआकिना तेव्हा नवी नवरी होती. आमच्याकडे दोघी-तिघी बायका समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मका कांडतात, आणि गाण्यातून सासूला, नवऱ्याला मनसोक्त टोमणे हाणतात. कांडणाच्या गाण्यात म्हटलेल्या बोलाचा राग कोणी धरायचा नाही, अशी रीत आहे. केवढा मान होता मला तेव्हा!

मग लढाया आल्या. आधी पोर्तुगीजांचे राज्य घालवण्याची. ते गेले, आम्ही नाचलो. नाचणाऱ्यांचा दम पुरता खाली बसला नव्हता, तोच आपल्याच माणसांची आपल्याच माणसांशी जुंपली. ती सोळा वर्षे चालली. सैनिक विचारायचे, “बंडवाल्यांसाठी कांडतेस ना?” बंडवाले विचारायचे, “सरकारसाठी कांडतेस ना?” बाई आपल्या पोरासाठी कांडत असेल, हे एकाच्याही डोक्यात आले नाही.

गाव रानात लपले. जोआकिना आणि तिची सून फेलिज्मिना यांनी मला उचलून सोबत नेले. पण माझा आवाज दूरवर जातो, म्हणून कांडायला बंदी झाली. मका होता, पण दगडासारखा कडक. भिजवलेले दाणे खाऊन फेलिज्मिनाच्या चिमुरड्या झायनाचे पोट बिघडले. तिला मानही धरवेना.

एका दुपारी फेलिज्मिनाने मुसळ उचलले.

“आई, मी कांडते.”

“वेड लागलं का तुला? सगळ्यांना मारशील!”

“सगळ्यांचं तुम्ही बघा. माझी पोर माझ्या मांडीवर मरतेय.”

जोआकिनाने माझ्या बुडाखाली गवत सारले, अंगावरचे कापड माझ्याभोवती घट्ट गुंडाळले. “हळू कांड गं. आणि गाऊ नकोस.”

पीठ निघाले, लापशी झाली, झायनाने ती चाटूनपुसून खाल्ली. पोर वाचली. पण पाठोपाठ बंदूकवाले आले. उरलेले पीठ त्यांनी फेलिज्मिनाच्याच डोक्यावर दिले आणि तिला हाकत नेले. ते कोणत्या बाजूचे होते, हे फाटक्या कपड्यांवरून कळले नाही. ती परत आली नाही.

गावाने दोष कोणाला दिला? मला! “ह्या उखळानंच त्यांना बोलावलं,” असे म्हणत शेजारच्या मातेन्देने मला कोरड्या ओढ्यात लोटून दिले. पुढे तह झाला. तेव्हा कोणी कोणी आपल्या बंदुका तेल लावून, नीट गुंडाळून पुरून ठेवल्या. न जाणो, पुन्हा लागतील! मला मात्र वाळवी लागली.

झायना मोठी झाली, आई झाली. तिने मला ओढून आणले, घासूनपुसून उन्हात ठेवले. मातेन्दे कुरकुरला, तर म्हणाली, “काका, मी ह्याच्यामुळं जिवंत आहे. तुम्ही नाकं मुरडा खुशाल.”

आणि काही वर्षांनी पुन्हा गोळ्या सुटू लागल्या. एक सैनिक अंगणात आला. तरुण होता, बोली आमचीच.

“ए बाई, कांडणं थांबव. पार डोंगरापर्यंत ऐकू जातंय.”

“आणि तुझी गोळी रे? ती काय कानात कुजबुजते?” झायना म्हणाली. पण तिने मुसळ खाली टेकवले.

चटईवर बसलेली म्हातारी जोआकिना काठी टेकत उठली. “कांड गं. उखळात डोकं घातलंय, आता मुसळाला काय भ्यायचं?” आणि तिने गाणे धरले.

*पीठ नेलंस, सून नेलीस,*
*पीठ तू खाल्लंस, सून कुठं ठेवलीस?*

सैनिकाने बंदूक उचलली नाही. कांडणाचे गाणे होते ना! तो खाली बघत उभा राहिला आणि गाणे संपायच्या आत निघून गेला.

जोआकिना आता नाही. मित्रांनो, माझी काळजी झायना घेते आहे, मला काही नको. पण कोणी बंदुकीला तेल लावताना दिसला, तर त्याला एवढेच विचारा, आणि मोठ्याने विचारा: फेलिज्मिना कुठे आहे?