क्रूझरचं नवं नाक

फुमियोचा नवरा तात्सुओ युद्धावर गेलेल्या क्रूझरवर, म्हणजे लढाऊ जहाजावर, तोफांवर होता. जपानच्या कुरे बंदरातल्या इतर बायकांप्रमाणे तीही रोज त्याच्या जागी पान वाढायची. वाडग्याच्या झाकणाला आतून थेंब धरले, की माणूस सुखरूप.

त्या सकाळी बाळाच्या रडण्यात पेज निवली आणि झाकण कोरडं निघालं. फुमियोनं ते झाकण सासूबाईंपुढे धरलं.

"अगं, गार वाढल्यावर थेंब कुठून येणार?" सासूबाईंनी पेज उकळून पुन्हा वाढली. "हं, हा बघ जिवंत!"

दुपारी तात्सुओ स्वतःच दारात उभा राहिला. टॉर्पेडोनं क्रूझरचं नाक, म्हणजे पुढचं टोकच, उडवलं होतं; ती कशीबशी गोदीत पोचली होती.

"नवं नाक बसायला किती दिवस?" फुमियोनं विचारलं.

"आपले कारागीर आहेत. दोन महिने फार झाले," तो अभिमानानं म्हणाला. म्हणजे तो घरी तेवढेच दिवस, फुमियोनं बोटांवर मोजलं.

शेजारचे ओगाताकाका त्याच गोदीत रिव्हेट ठोकत. संध्याकाळी फुमियोनं त्यांना चहा नेऊन दिला.

"काका, जरा दमानं घ्या. तब्येत आधी."

काकांचे डोळे भरून आले. "तब्येतीचं काय घेऊन बसलीस, पोरी! तुझा नवरा आहे त्या जहाजावर. उद्यापासून सुट्टीच्या दिवशीही जातो मी."